नोनिउस

माझं इंग्रजी फार चांगलं आहे, हे माझ्या माहेरी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, सगळ्यांना माहीत आहे, कारण आण्णांनी ते सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. आण्णा म्हणजे माझे वडील. सातवी शिकलेले, आणि उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात चाळीसहून जास्त वर्षं लेथवर उभे राहिलेले टर्नर. मी एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते, बावीस वर्षं झाली. ही साधी गोष्ट तालमीच्या कट्ट्यावर सांगताना आण्णा तिला असं काही घोळवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मी नसते तर इंग्रजी भाषाच बंद पडली असती. "आमची पोरगी झोपेत बरळती, ती बी इंग्लिशमदनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे पेठेत कुणाला औषधाच्या खोक्यावरचं बारीक वाचून हवं असो की परदेशातल्या नातवाच्या कॉलेजचं पत्र, ते सगळं माझ्याकडे यायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? शाळेत मुलं ऐकत नाहीत, घरी नवरा ऐकत नाही. निदान पेठ तरी ऐकते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आण्णांच्या मालकांचा फोन आला. मालक वयानं आण्णांपेक्षा बरेच लहान, त्यांच्या वडिलांपासून आण्णा तिथे होते म्हणून आण्णांना ते 'मामा' म्हणतात. फोनवर आवाज घाबरलेला होता. "मॅडम, फिनलंडचा पावणा येतोय माल बघायला. तीन दिवस हाय. आमचा भाचा इंग्लिश बोलायचा, त्येला आत्ताच कांजिण्या आल्यात बघा. तुमी या की."

त्या माणसाच्या देशात कागद तयार करण्याच्या मोठमोठ्या मशिनी बनतात. त्यांत बसणारे गनमेटलचे बुश, म्हणजे जाड बांगडीसारखे गोल तुकडे, कोल्हापुरातून घ्यायचे असं चाललं होतं. नमुन्याचे तीन बुश आण्णांनी हातानं, जुन्या लेथवर केले होते. ते पास झाले की पुढचा सगळा माल मालकांनी नव्याने घेतलेल्या कॉम्प्युटरच्या मशीनवर निघणार होता, आणि आण्णा घरी बसणार होते. कुणी त्यांना काढत नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं. "ह्यो शेवटचा जॉब. पास झाला की हात धुतो," असं ते महिनाभर म्हणत होते. म्हणजे त्या तीन बांगड्यांवर मालकांची ऑर्डर तर होतीच, पण आण्णांचं वर्कशॉपातून बाहेर पडणं कसं होणार, मान वर करून की खाली घालून, तेही त्यांच्यावरच होतं.

फिनलंड हे नाव आण्णांच्या तोंडी बसेना. शेवटी त्यांनी "फिनेलवाला" असं नाव पाडलं आणि सगळ्या वर्कशॉपनं ते उचललं.

फिनेलवाला आला. साठीचा, खांबासारखा उंच, भुवया पांढऱ्या, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. आपल्याकडे माणूस दुकानात खिळे घ्यायला गेला तरी आधी गाव, मग नात्यागोत्याची ओळख, मग पाऊसपाणी, आणि मग खिळे. या माणसाने आल्या आल्या हात मिळवला, "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि तासभर गप्प. मालक "सर, टी? सर, कॉफी? सर, फॅन?" असं विचारून दमले. आपल्या माणसांना शांततेचा एकच अर्थ कळतो, पाहुणा रागावला. मालकांनी मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "मॅडम, काय चुकलं का आमचं?" मी म्हटलं, त्यांच्याकडे असंच असतं. खरं तर मलाही काही माहीत नव्हतं, पण दुभाष्यानं माहीत नाही म्हणून कसं चालेल?

त्याने आपल्या बॅगेतलं आकडे दाखवणारं यंत्र काढलं, तिन्ही बुश आतून-बाहेरून मोजले, वहीत आकडे लिहिले. आण्णा लेथला टेकून उभे होते. धुतलेला ॲप्रन, हात मागे. मग त्या माणसाची नजर टेबलावरच्या आण्णांच्या वर्नियरवर गेली.

या वर्नियरबद्दल थोडं सांगायला हवं. एका लांब पट्टीवर दुसरी छोटी पट्टी सरकते, आणि दोन्हींवरच्या रेघा जिथे जुळतात तिथे माप वाचायचं, केसापेक्षाही बारीक. आण्णांचं वर्नियर त्यांचं स्वतःचं, पहिल्या बोनसातलं. वर्कशॉपाचं नव्हे. त्याला आम्हां भावंडांना कधी हात लावू दिला नाही. ते त्याला 'वरनेर' म्हणतात, आणि छोटी पट्टी वर न्यायची म्हणून वरनेर अशी त्यांची पक्की समजूत. कॉलेजात असताना मी एकदा शहाणपणा करून सांगितलं होतं की आण्णा, हे फ्रान्सच्या एका माणसाचं नाव आहे, त्याने ती पट्टी काढली. आण्णा म्हणाले, "फ्रान्सचा? मग त्येला कोल्लापुरी कसं येत हुतं?"

तर ते वर्नियर त्या पाहुण्याने न विचारता उचललं. त्याने बुश वर्नियरच्या दोन जबड्यांत धरला, चष्मा कपाळावर सारून छोटी पट्टी डोळ्यांजवळ नेली, अंगठा तिच्यावरून फिरवला. आणि मान डावी-उजवीकडे हलवत म्हणाला, "नोनिउस."

"काय म्हणतुय गं त्यो?" आण्णांनी विचारलं.

वीस वर्षांचा अनुभव माझ्या जिभेवर उड्या मारत होता. मी क्षणही घेतला नाही. म्हटलं, "आण्णा, 'नो यूज' म्हणतोय. उपयोग नाही."

मालकांचा चेहरा राखेसारखा झाला. आण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे. मग पुढे होऊन त्याच्या हातातलं वर्नियर हळूच घेतलं, फडक्यानं पुसलं, डबीत ठेवलं. ॲप्रनची गाठ सोडली, घडी घातली, लेथवर ठेवली. "बरं हाय," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघाले. मी मागे धावले तर म्हणाले, "तू थांब. तुजं काम हाय हितं." रिक्षाही केली नाही, चालत गेले.

पाहुणा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, जेवायची सुट्टी झाली.

उरलेला दिवस मालकांनी कसा काढला ते मला विचारू नका. पाहुणा आपला वहीत लिहितच होता, आणि त्याला "का नो यूज?" हे विचारायची मालकांची छाती होत नव्हती. मी विचारायला हवं होतं. पण मला वाटत होतं, मला कळलंय की. जे कळलंय ते पुन्हा काय विचारायचं? असा माझा तोरा.

संध्याकाळी मालकांनी पाहुण्याला खूश करायचा शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, काय प्यायला आवडेल. तो म्हणाला, "मिल्क." मालकांना आधी वाटलं, मीच ऐकण्यात चुकले. तीन वेळा खात्री केली. त्यांच्या देशात म्हणे मोठी माणसंही जेवताना पेलाभर दूध पितात. मग काय, मालकांच्या जिवात जीव आला. दुधाचं कोल्हापूरला काय शिकवायचं! गाडी सरळ गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, समोर धार काढतात आणि फेसाचा पेला तसाच हातात देतात. पाहुण्याने पहिला पेला एका दमात संपवला. पांढऱ्या भुवयांच्या जोडीला पांढरी मिशी आली. दुसरा पेला हातात घेऊन तो दिवसभरात पहिल्यांदा हसला आणि आपण होऊन पहिलं वाक्य बोलला. म्हातारा माणूस कुठे गेला, असं त्याने मला विचारलं.

मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं की तुम्ही 'नो यूज' म्हणालात, म्हणून तो घरी गेला. तो माझा बाप आहे.

तो म्हणाला, मी असं म्हणालो नाही. मी म्हटलं, म्हणालात, मी ऐकलं. त्याने पेला म्हशीच्या मालकाकडे दिला, खिशातून वही काढली, वर्नियरचं चित्र काढलं, छोट्या पट्टीकडे बाण दाखवला आणि लिहिलं: नोनिउस. रोमन अक्षरं होती, पण वाचताच माझे कान तापले. ते इंग्रजी नव्हतंच.

त्याच्या भाषेत त्या छोट्या पट्टीला नोनिउस म्हणतात. चार-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगालमध्ये एक गणिती होता, बारीक मोजायची युक्ती त्याला आधी सुचली, त्याच्या नावावरून हा शब्द आला. फ्रान्सच्या माणसाने ती नंतर सुधारली. आपण फ्रान्सवाल्याचं नाव उचललं, त्यांनी पोर्तुगालवाल्याचं. त्या क्षणी त्या पाहुण्याला इंग्रजी शब्द आठवला नव्हता, म्हणून घरचा तोंडातून निघाला, इतकंच. अशी पट्टी त्याने किती तरी वर्षांनी पाहिली होती. वापरून वापरून एका जागी गुळगुळीत झालेली, पण एकही रेघ न खरवडलेली. आणि तिच्यावरचं माप त्याच्या महागड्या यंत्राशी रेघेला रेघ जुळत होतं. म्हणून मान हलली. आपण गाण्याला दाद देताना हलवतो तशीच, पण तो गोरा असल्यामुळे मी तिचा अर्थ 'नाही' असा लावला होता. आपलीच मान मला ओळखता आली नाही.

मला इतकी लाज वाटली की मी विषयच बदलला. विचारलं, तुमच्याकडे असे माणसांचे शब्द आणखी आहेत का? तो शब्दांच्या बाबतीत एकदम बोलका निघाला. दवाखान्यात आपण एक्स-रे काढतो, ते लोक 'रोंटगेन' काढतात, शोध लावणाऱ्या जर्मनाचंच नाव. भरपूर पैसेवाल्याला 'क्रोइसोस' म्हणतात, तो कुठला तरी फार जुना, सोन्यात लोळणारा राजा. पोट कापून बाळंतपण केलं की त्याला जो शब्द आहे तो लिहायला त्याने वहीची अख्खी ओळ घेतली, अर्थ 'बादशहाची कापाकापी', कारण त्यात रोमचा एक बादशहा बसलाय. मी म्हटलं, आमच्याकडेही तोच बसलाय, पण आम्ही त्याला तीन अक्षरांत उरकतो, 'सिझर झालं' म्हणतो. म्हशीचा मालक कान देऊन ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजे आमच्या सुनेचं शिजर झालं, त्यात राजा हुता व्हय?" मी म्हटलं, होता. "बगा की! आनी बिल आमी भरलं."

पाहुण्याला मी हेही भाषांतर करून सांगितलं. तो हसला, आणि मग गंभीर होऊन वहीत आणखी एक शब्द लिहिला. मी तो इंग्रजीसारखा 'जॉबिन पोस्टी' वाचला. मला वाटलं, लेथवरच्या जॉबशी काहीतरी संबंध असणार. त्याने सांगितलं, 'योबिनपोस्ती.' त्यांच्या धर्मग्रंथात योब नावाचा एक भला माणूस आहे. त्याच्याकडे एकापाठोपाठ एक माणसं येतात आणि वाईट निरोप सांगतात. गुरं गेली, घर पडलं, मुलं गेली. तेव्हापासून वाईट बातमीला त्यांच्याकडे योबचं टपाल म्हणतात. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, तू आज तुझ्या वडिलांना तसलं टपाल दिलंस, आणि ते मी पाठवलेलं नव्हतं.

रात्री माझ्या घरी, सासरी जाताना डोक्यात एकच गोष्ट चालू होती, आणि ती सांगायला अजूनही जीभ अडखळते. आण्णांना मी काय सांगायचं ते ठरवत होते. 'आण्णा, त्याने पुन्हा मोजलं, आता पास म्हणतोय' असं सांगितलं की संपलं. माल पास, आण्णा खूश, माझं इंग्रजी शाबूत. कुणाला कळणार होतं? घरी पोचून मी ते वाक्य आरशासमोर म्हणूनही पाहिलं. छान जमत होतं. पण मग आण्णांच्या मनात कायम राहिलं असतं की एकदा का होईना, त्यांचं काम बिनकामाचं ठरलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते खोटं आण्णांसाठी नको होतं, माझ्यासाठी हवं होतं. त्यांच्या बढाईचा माल मी होते. तो खोटा निघाला हे त्यांना सांगायचं जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कारखाना बघायला जाणार होता, मला सुट्टी होती. सकाळी दहाला मी पेठेत गेले. आण्णा तालमीच्या कट्ट्यावर बसले होते, त्यांच्याच वयाचे तिघे शेजारी, मधे एक वर्तमानपत्र. आण्णांच्या पुढ्यात चहा निवलेला. त्यांनी कालचं कुणाला सांगितलं नव्हतं, हे मला बघताच कळलं, कारण एकाने विचारलं, "काय मॅडम, पास झालं का आमच्या दोस्ताचं काम?"

मी म्हटलं, आण्णा, जरा इकडे या, बोलायचंय.

"हितंच बोल की. समदी आपलीच हाईत."

झालं. ज्यांच्यासमोर त्यांनी माझं इंग्रजी वर्षानुवर्षं मिरवलं, त्यांच्यासमोरच मला उभं राहून बोलावं लागलं. मी बोलले. नोनिउस, पोर्तुगाल, फ्रान्स, मान हलवणं, सगळं. तो वाईट बोललाच नव्हता, मी चुकीचं ऐकलं आणि चुकीचं सांगितलं. मला ते इंग्रजी वाटलं. माप रेघेला रेघ जुळलंय. माझं चुकलं, आण्णा.

कट्टा गप्प झाला. कट्टा गप्प झालेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आण्णांनी आपल्या हाताचे तळवे पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. "म्हंजे... म्हंजे नो यूज मी न्हाय! तुजं इंग्लिश हाय की!"

मग काय विचारता. चौघंही मांड्यांवर थापा मारून हसले. एकजण म्हणाला, "तरीच गेल्या साली माझ्या औषदानं गुण आला न्हाई." दुसऱ्याने मला विचारलं, झोपेत बरळते ते तरी इंग्लिश असतं की फिनेलचं? चहा पुन्हा मागवला. आण्णांनी पोर्तुगालवाल्याची आणि फ्रान्सवाल्याची गोष्ट माझ्याकडून दोनदा वदवून घेतली आणि तिसऱ्यांदा स्वतः सांगितली, तेव्हा तो पोर्तुगालवाला जवळजवळ उद्यमनगरात राहायला आला होता. मीही हसले. लाज निघून जायला हसण्यासारखं दुसरं काही नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

मग आम्ही दोघं घराकडे निघालो. गल्लीच्या तोंडाशी थांबून आण्णा म्हणाले, "एक सांगू? त्यो काय म्हणला म्हणून मी न्हाय गेलतो."

मीही थांबले.

"माप माजं बरोबर हुतं. मला ठावं हुतं की. त्यो म्हणला असता तर भांडलो असतो, माप दाव म्हणलो असतो. पर तू लगीच सांगितलंस. का म्हणून, कसं म्हणून, त्येला एकदा तरी इचारायचं हुतंस गं. मला वाटलं, हिला बी पटलं." एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी, आणि घरात गेले.

मी गल्लीत उभी राहून रडले. चुकीचा शब्द ऐकला ही चूक लहान होती. खरी चूक त्याच्या पुढची होती, आणि ती कुठल्याच भाषेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आण्णा वर्कशॉपात माझ्याआधी पोचले होते. ॲप्रन घातलेला, वर्नियर टेबलावर, डबी उघडी. पाहुणा आल्यावर त्यांनी ते आपण होऊन त्याच्या हातात दिलं. दोघं एकाच बुशावर वाकले. छोट्या पट्टीवर बोट ठेवून आण्णा म्हणाले, "वरनेर." तो म्हणाला, "नोनिउस." आण्णा म्हणाले, "त्येच त्ये." मग पंधरा-वीस मिनिटं दोघं आपापल्या भाषेत बोलत मापं वाचत होते, आणि मला कुणी काही विचारलं नाही. मालक मला म्हणाले, "मॅडम, तुमी जरा बसा," आणि मी बसले.

शेवटी पाहुण्याने कागदावर सही केली. तिसरा बुश हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि त्याच्या भाषेतला एक छोटासा शब्द बोलला. ऐकायला तो 'ह्यूवा' असा काहीसा होता.

आण्णा माझ्याकडे वळले. "काय म्हणतुय?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते मी गिळलं. म्हटलं, "थांबा आण्णा, विचारते."

मी विचारलं. पाहुण्याने सांगितलं. मी त्याला आणखी एकदा विचारून खात्री केली आणि मग आण्णांकडे वळले. "चांगलं झालंय म्हणतोय. फार चांगलं."

आण्णांनी ॲप्रनची गाठ सोडता सोडता हात थांबवला. मालक, वर्कशॉपातली सगळी माणसं आमच्याकडेच बघत होती. आण्णा त्यांच्यावरून नजर फिरवून मला म्हणाले, "परत इचार."

मी परत विचारलं.